चौकटीवरची दुसरी रेघ

अन्याय दोघींवर झाला. एक, आमच्या गावच्या उपकेंद्रातली नर्सबाई, वय पस्तीसच्या आसपास, माहेर-सासर दोन्ही घाटावरचं. दुसरी माझ्या भावाची मुलगी, वय चार महिने. कधी झाला तेही सांगते. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, मारुतीच्या देवळासमोर. कोणी केला? गावाने केला, आणि गावात सगळ्यात पुढे मी होते.

हे आधीच सांगून टाकते. आमच्या चळवळीत स्वतःची चूक सगळ्यात शेवटी सांगायची पद्धत आहे. तोवर ऐकणारे उठून गेलेले असतात.

आमचं गाव घणसोलीच्या पुढे, खाडीला लागून. आणीबाणी उठून पाच-सहा वर्षं झाली होती. भातशेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली होती, मिठागरंही गेली होती, आणि आता गावठाणातल्या घरांचं काय होणार याची धास्ती होती. मी ठाण्याला कॉलेजात जायची. अक्षर चांगलं, म्हणून जमिनीसाठी लढणाऱ्या गावच्या समितीची पत्रकं माझ्याकडे. समितीतले एक मास्तर मला शिकवायचे, "एका ओळीत एकच हुकूम. वाचणाऱ्याला विचार करायला लावलंस की तो घरात बसलाच म्हणून समज." मी ते मंत्रासारखं पाठ केलं होतं.

नर्सबाई दर बुधवारी यायची. एका खांद्याला बर्फाचा डबा, त्यात लसीच्या बाटल्या. दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत काचेची सिरिंज आणि सुया. त्या उकळायला ती आमच्याच चुलीवर पातेलं ठेवायची आणि वहिनीशी गप्पा मारत पाण्याला आधण येण्याची वाट बघायची. आधी गावातल्या बायका तिला दाराशी उभं करत नव्हत्या. आणीबाणीत नसबंदीच्या नावाने जे झालं होतं ते कोणी विसरलं नव्हतं. सुई म्हटली की बायका मागच्या दाराने पसार. तिने कोणाला भाषण दिलं नाही. फक्त येत राहिली.

मुलांची कार्डं ती द्यायची, पण आमच्याकडे कार्ड टिकतंय कुठे? गळक्या छपराखाली भिजायचं, नाहीतर चूल पेटवायला जायचं. मग तिने स्वतःची रीत काढली. करवंटीत गेरू कालवून ती दाराच्या चौकटीवर बोटभर लांब रेघ मारायची. त्रिगुणी लसीची पहिली सुई, एक रेघ. महिन्याने दुसरी, दुसरी रेघ. तिसरी झाली की खाली टिंब, म्हणजे पोर डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात या तिन्हींतून सुटलं. ज्या आईला अक्षर येत नाही तिला रेघा मोजता येतात. शेजारणीलाही येतात, आणि खरी गंमत तिथेच होती.

"काय गो, तुजे दारावर येकच रेघ?" शेजारची म्हातारी माझ्या वहिनीला टोमणा मारायची. "आमचे नातवाला टिंब पन झाला. तुजी पोर काय देवाचे भरवशावर हाय?"

"अगो आजी, माजी पोर जनमून तीन महिने झालं. तुजा नातू आता लग्नाला आला," वहिनी म्हणायची.

नर्सबाई हसायची. एकदा मीच तिला विचारलं, रजिस्टर असताना या रेघा कशाला? ती म्हणाली, "आलेला आजार सगळ्यांना दिसतो, पोरी. जो आलाच नाही तो मी कोणाला दाखवू? म्हणून रेघ."

मला ते वाक्य आवडलं होतं. आवडलं आणि मी विसरले.

श्रावणात मोजणीवाले आले. त्यांनी घरांच्या भिंतींवर डांबराने आकडे टाकले. कशाचे ते कोणी सांगेना. गाव पेटलं. कोणी म्हणालं, नंबर पडलेली घरं पाडणार. कोणी म्हणालं, नर्सबाईच्या रेघा त्याचाच भाग आहेत, घरात डोकी किती ते ती आतून मोजून देते. काळे आकडे वेगळे, तांबड्या रेघा वेगळ्या, आंधळ्यालाही फरक कळला असता. मला तर नक्कीच कळत होता. पातेलं आमच्या चुलीवर उकळत होतं ना.

मी पत्रक लिहिलं. "घरावरची प्रत्येक सरकारी खूण पुसा. सरकारी माणसाला दारात उभं करू नका." वाशीतल्या एका कार्यकर्त्याच्या फ्लॅटवर सायक्लोस्टाइल मशीन होतं. तिथे न्यायला मी स्टेन्सिल कापून तयार ठेवलं होतं. त्या संध्याकाळी नर्सबाई आमच्या ओटीवर येऊन बसली. तिच्या कानावर गेलं होतं.

"पोरी, एक ओळ घाल. सुईच्या रेघा पुसू नका, एवढंच."

"बाई, स्टेन्सिल कापून झालंय."

"दुसरं काप. मी थांबते."

"तसं नाही हो. पत्रकात 'पण' आला की लोक गोंधळतात. एकाला सोडलं की दहा जण सूट मागतात."

ती म्हणाली, "तुमचं भांडण खरं आहे. माझ्याही भावाची जमीन धरणात गेलीय. मी काय सरकारच्या बाजूने नाही बोलत. या बुधवारी तुझ्या भाचीची दुसरी सुई आहे, ते बोलतेय."

मी म्हणाले, "बघू."

बघू म्हणजे नाही. हे तिला कळलं. पदर सावरून ती उठली.

पत्रक वाटलं गेलं. गौरीच्या सणात घरोघर ओली फडकी फिरली. आमच्या घरी मीच पुसलं. डांबर निघत नव्हतं, रॉकेल लावून घासलं. वहिनी पोरीला कडेवर घेऊन बघत होती. चौकटीपाशी आले तेव्हा मला म्हणाली, "बाय, ही पन पुसायची?"

"सगळं पुसायचं."

गेरू मात्र एका पुसण्यात निघाला.

बुधवारी सकाळी पोरांनी तिला देवळापाशी अडवलं. पोरं म्हणजे आमच्याच समितीतली, वीस-बावीस वर्षांची. कोणी म्हणालं डब्यात स्टॅम्प असेल, कोणी म्हणालं डांबर असेल. एकाने डबा हिसकावून पारावर ठेवला आणि झाकण उघडलं. बर्फ आणि बाटल्या, दुसरं काही नव्हतं. तरी झाकण लावायला कोणी तयार होईना. तपासणी चालू होती म्हणे. ऊन चढत होतं. तिला कोणी घाटावरची म्हणालं, कोणी सरकारची हेर म्हणालं, एकाने तर फार वाईट शब्द वापरला. ती एकच म्हणत होती, "झाकण लावा रे. मला काय बोलायचं ते बोला, झाकण लावा."

मी दोन हातांवर उभी होते. माझा हात पोचला असता.

अर्ध्या-पाऊण तासाने डबा तिच्या हातात दिला तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. वहिनी पोरीला घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली होती. नर्सबाईने तिला बघितलं आणि मान हलवली. "हे औषध आता देता येणार नाही, बाई. उन्हात तापलंय. पुढच्या बुधवारी आणते."

पुढचा बुधवार आलाच नाही. त्याच दुपारी समितीने अर्ज केला, ही बाई गावाला नको, हिची बदली करा. अर्ज माझ्या अक्षरात आहे. कचेरीने लगेच तिचं येणं थांबवलं, आणि पंधरा दिवसांत बदली झाली. जागा रिकामी राहिली.

नवरात्रात भाची खोकायला लागली. आधी सर्दी वाटली. मग ती खोकताखोकता निळी पडायची, आणि शेवटी श्वास आत ओढताना एक लांब आवाज यायचा. तो ऐकून शेजारच्या म्हातारीने तोंडाला पदर लावला. "डांग्या हाय यो," एवढंच बोलली, टोमणा नाही, काही नाही. ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. कोजागिरी झाल्यावर तिसऱ्या दिवशी ती गेली. तिचं बारसं झालं होतं, पण घरात सगळे तिला बाय म्हणूनच हाक मारायचे.

दुसरी सुई मिळाली असती तर ती वाचलीच असती, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही. ती सुई तिला आमच्यामुळे मिळाली नाही, हे मात्र शपथेवर सांगते.

वहिनीने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. एकदा भांडी घासताना सहज बोलल्यासारखं म्हणाली, "रेघ होती तवर आठवन व्हायची. येताजाता दिसायची ना. म्हनून त्या बुधवारी पोरीला घेऊन आली, रेघ नव्हती तरी. पन मंग बाई पन नाय, रेघ पन नाय. दिवस कसं गेलं कललाच नाय."

मी तालुक्याच्या आरोग्य कचेरीत गेले. नवी नर्स द्या, जमलं तर तीच परत द्या. साहेबांनी फाइल काढली, आमचा अर्ज माझ्यासमोर ठेवला. "गावानेच नको म्हटलंय. आणि तसंही, त्या बाईंचं काम काय दिसत होतं? नसबंदीच्या ऑपरेशनच्या केसेस कमी. तुमच्या गावात ना साथ, ना काही. रिपोर्ट कोरा."

कोरा! चार वर्षं एका बाईने पायपीट करून तो रिपोर्ट कोरा ठेवला होता, आणि या माणसाला त्यात कामचुकारपणा दिसत होता. मी तिथे खूप ओरडले. बाहेर आल्यावर लक्षात आलं, तिच्या रेघा पुसताना मलाही तेच दिसलं होतं. चौकटीवरची एक खूण, बाकी काही नाही.

आता गावात नवी नर्स आली आहे. पोरसवदा आहे, गावाला भिते. तिला मी करवंटी आणि गेरू नेऊन दिला, रीत समजावली. जमिनीचं भांडण मी सोडलेलं नाही, पत्रकं आजही लिहिते, आणि कचेरीतल्या त्या साहेबाला सोडणार नाही. पण आता माझ्या पत्रकांत 'पण' असतो. ती लांब होतात, मास्तर वैतागतात.

तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते मी विनंती म्हणून करत नाही. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत वर्षाच्या आतलं मूल असेल तर आज त्याच्या आईला विचारा, सुया किती झाल्या, पुढची कधी. उत्तर येईल तेवढ्या रेघा चौकटीवर मारा. रंग खराब होईल, होऊ द्या. ती खूण पुसा असं कोणी सांगितलं, कितीही चांगल्या कारणासाठी सांगितलं, अगदी माझ्या अक्षरातलं पत्रक हातात दिलं, तरी पुसू नका. आणि कुठे चारचौघांत एखाद्या नर्सचा डबा उघडा पडलेला दिसला, तर भांडण कोणाचं आहे ते मागाहून विचारा. आधी पुढे व्हा आणि झाकण लावा.