देवीचा डावा हात

पद्मजाकाकूंच्या बिल्ल्यावर ‘पॅट’ असं लिहिलेलं होतं. पद्मजा हे नाव त्यावर मावलं नसतं असं नाही, पण सुपरवायझरने पहिल्याच दिवशी विचारलं, “शॉर्टमध्ये काय म्हणतात?” काकूंना शॉर्टमध्ये कोणीच काही म्हणत नव्हतं. ते इंग्रजीत जुळवून सांगेपर्यंत बिल्ला तयार झाला.

हे १९८३ सालचं. अमेरिकेत, बोस्टनच्या बाजूच्या श्रूजबरीत आमची घरं शेजारीशेजारी होती. गिरीशकाका एका कारखान्यात इंजिनिअर, मुलगी कांचन कॉलेजला दूर गेलेली. काकू पंचेचाळिसाव्या वर्षी जवळच्या शहरातल्या एका छोट्या म्युझियममध्ये गार्ड म्हणून लागल्या. निळा ब्लेझर, करडी पँट, रबरी तळव्यांचे बूट, कमरेला वॉकीटॉकी. मराठी मंडळात कोणी विचारलं तर “म्युझियममध्ये असते” एवढंच सांगायच्या. लोक समजायचे की ऑफिसात असतील.

त्यांच्या वाट्याला ग्रीक-रोमन मूर्तींची खोली आली. खोलीच्या मधोमध, दारासमोर, संगमरवराची व्हीनस उभी होती. नुकतीच अंघोळ झालेली. अंगावर काही नाही, वस्त्र शेजारच्या पाण्याच्या घड्यावर टाकलेलं. अचानक कोणी आत आल्यासारखी मान वळलेली, उजवा हात छातीपुढे, डावा मांड्यांपुढे. मूळ मूर्ती ग्रीक, ही रोमन नक्कल, वय अठराशे वर्षं, असं पाटीवर लिहिलं होतं. अशा लाजऱ्या उभ्या देवीच्या शंभरावर मूर्ती जगात आहेत, हे काकूंनी पुढे वाचून काढलं.

मुलाखतीत त्यांना एकच प्रश्न विचारला गेला होता: मूर्तींचा काही अनुभव आहे का? काकू “नाही” म्हणाल्या होत्या. खरं तर होता. त्या कुडाळकडच्या गुरवाची मुलगी. गावच्या देवीला रोज स्नान घालून साडी नेसवायचं काम त्यांच्या वडिलांकडे होतं. दगडाच्या कमरेला निऱ्या कशा थांबवायच्या, हे काकूंना सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. स्नानाच्या वेळी गाभाऱ्यावर पडदा ओढला जाई, आणि तो धरून उभं राहायचं काम काकूंचं. आत नजर टाकायची नाही, बाहेरच्यालाही टाकू द्यायची नाही.

“मग इथल्या देवीला बघून काय वाटलं?” मी एकदा विचारलं.

“हिचा पडदा कोणी धरलाच नाही, असं वाटलं,” काकू म्हणाल्या आणि चहात साखर घातली.

गार्डला बसायला खुर्ची नसते, वाचायची परवानगी नसते. बघायची असते. काकूंनी एक वर्ष बघितलं. चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात एका सकाळी दहाच्या सुमारास ऊन तिरपं आत आलं, आणि देवीच्या उजव्या मांडीवर चिंचोक्याएवढा एक खडबडीत उंचवटा त्यांना दिसला. बाकी अंग गुळगुळीत, तेवढीच जागा छिन्नी मारून तोडल्यासारखी. डाव्या हाताची बोटं त्याच्यापासून चांगली दोन इंच वर होती. मग काकूंनी दोन्ही हात ताडून पाहिले. उजव्याची बोटं लांबट, निमुळती. डाव्याची आखूड आणि जाड.

दुसऱ्या दिवशी क्युरेटर डॉ. लिंडक्विस्ट खोलीतून जात असताना काकूंनी त्यांना थांबवलं.

“हा हात हिचा नाही,” काकू म्हणाल्या.

“कोणाचा आहे?”

“ते मला माहीत नाही. हिचा नाही.”

लिंडक्विस्ट सभ्य गृहस्थ होते. ते गुडघ्यांवर बसले. काकूंनी बोट न लावता उंचवटा दाखवला. मूळ हात तुटू नये म्हणून कारागिराने बोट आणि मांडी यांच्यामध्ये दगडाचा आधार ठेवला असणार, आणि हात गेल्यावर कोणीतरी तो छिलला असणार, हे लिंडक्विस्टांच्या लगेच लक्षात आलं. ते बराच वेळ बसून राहिले. उठताना काकूंनी त्यांना हात दिला.

बोस्टनहून तज्ज्ञ बाई दिवे आणि भिंगं घेऊन आल्या. डावा हात मनगटापासून पुढे दोनशे वर्षांपूर्वी इटलीत कोणीतरी बसवलेला निघाला. आत लोखंडी सळई होती आणि ती गंजत होती. स्थानिक वर्तमानपत्रात काकूंचा फोटो आला. कांचनने फोन केला, “मॉम, यू आर इन द पेपर!” गणेशोत्सवात मंडळाने शाल आणि श्रीफळ दिलं. अध्यक्ष राजाराम दळवी भाषणात म्हणाले की पद्मजाताईंनी “एका परदेशी देवीच्या हाताबाबत” मोलाचं संशोधन केलं आहे. हात कुठे होता हे त्यांनी सांगितलं नाही. मंडळाच्या अंकात तो फोटो छापला, त्यात देवी फक्त गळ्यापर्यंत होती.

ऑक्टोबरात म्युझियमने हात काढला.

काकूंना कोणी आधी सांगितलं नव्हतं. सोमवारची सुट्टी संपवून त्या मंगळवारी खोलीत गेल्या, तर देवीचं मनगट तुटकं, मध्ये गंजलेलं भोक, आणि पुढे काहीच नाही. हात एका खोक्यात घालून तळघरात ठेवला होता. पाटीवर नवी ओळ होती: नंतर जोडलेला भाग काढून मूर्ती मूळ स्वरूपात आणली आहे.

“लोक पूर्वी आधी चेहरा बघायचे,” काकू मला म्हणाल्या. “आता दारातून सरळ तिथेच बघतात. आणि ती तशीच वळून उभी आहे. झाकायचं आहे, पण हात नाही. हे मी केलं.”

मी म्हटलं, “तुम्ही खरं तेच सांगितलंत.”

“हो ना,” काकू म्हणाल्या. “तेच तर.”

त्या आठवड्यापासून काकू देवीच्या पुढ्यात उभ्या राहू लागल्या. अगदी समोर, पाठ देवीकडे, तोंड दाराकडे. चार दिवसांनी सुपरवायझर आला.

“पॅट, तू मूर्तीच्या आड येतेस. लोकांना दिसत नाही.”

“मी गार्ड आहे,” काकू म्हणाल्या.

त्यांना लेखी समज मिळाली. ती घेऊन त्या लिंडक्विस्टांकडे गेल्या.

“हात परत लावा,” त्या म्हणाल्या.

“पण तो तिचा नाही. तूच सांगितलंस.”

“तिचा नाही असं सांगितलं. काढा असं नव्हतं सांगितलं. दोनशे वर्षं झाकत होता बिचारा.”

“खोटा हात कसा लावू, पॅट?”

“माझं नाव पद्मजा आहे.”

लिंडक्विस्टांनी ते नाव तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा बरंचसं जमलं. मग काकूंनी त्यांना वडिलांचं सांगितलं, स्नानाचं सांगितलं, पडद्याचं सांगितलं. इंग्रजीत गाभाऱ्याला काय म्हणतात ते आठवेना, म्हणून त्यांनी टेबलावरच्या वस्तू मांडून दाखवलं: स्टेपलर म्हणजे देवी, फाइल म्हणजे पडदा. सांगतासांगता त्यांना रडू आलं. याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं, कारण वडील गेले तेव्हा त्या इथेच होत्या आणि रडायचं राहूनच गेलं होतं. लिंडक्विस्टांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

हात परत लागला नाही. पण तीन आठवड्यांनी चार माणसं आली आणि त्यांनी देवी चौथऱ्यासकट फिरवली. आता दारातून तिची पाठ दिसायची, मानेवरचा अंबाडा दिसायचा. पुढून बघायचं तर खोली ओलांडून जावं लागे, आणि बरेच लोक जात नसत. केशरचना नीट दिसावी म्हणून हा बदल केल्याचं कागदोपत्री लिहिलं गेलं. काकू पुन्हा कोपऱ्यात उभ्या राहू लागल्या.

गिरीशकाका म्युझियममध्ये कधी गेले नव्हते. बायको जिथे उभी असते तिथे आपण काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती, ती मिळेपर्यंत वेळ काढायला ते आले. दारात उभे राहिले.

“पाठमोरी आहे की ही.”

“हो.”

“बरं आहे,” काका म्हणाले. मग हळूहळू वळसा घालून पलीकडे गेले. बराच वेळ तिकडेच होते. तिथूनच त्यांनी विचारलं, “अगं, ही घाबरली आहे का लाजली आहे?”

“पाच वर्षं बघतेय,” काकू म्हणाल्या. “अजून ठरलं नाही.”

काका वाकले आणि घड्यावरच्या वस्त्राच्या घडीकडे त्यांनी बोट नेलं. दगडाचं कापड इतकं मऊ कसं दिसतं, हे त्यांना इंजिनिअर म्हणून बघायचं होतं.

“सर, प्लीज डोन्ट टच,” काकू म्हणाल्या.

काकांनी हात खिशात घातला. काकूंची ड्युटी साडेचारपर्यंत होती. काका तोवर थांबले.