न पडलेला पाऊस

बिनतारीवर बोलायचं म्हणजे नुसते आकडे बोलायचे. आधी पाऊस, मग पाण्याची पातळी, शेवटी बंधाऱ्यातून सोडलेलं पाणी. कशाचंही नाव न घेता, ठरल्या क्रमानं. सत्तर सालानंतरचे ते दिवस. पाटणच्या बाजूला एका लहानशा ठाण्यावर मी हे आकडे उतरवून घ्यायचो. वरच्या ठाण्यावर कुंडलचा एक माजी फौजी होता. आवाज करडा आणि बोलणं मोजकं.

एका सकाळी त्यानं दोनच आकडे दिले आणि तो थांबला. आमचे साहेब म्हणाले, "तिसरा नाही म्हणजे पाणी सोडलेलं नाही. लिहा शून्य."

व्हरांड्यात माझे वडील, आबा, उभे होते. ऊस वाळायला लागला होता. पाणी उपसायचं इंजिन नदीकाठी उतरवू का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. साहेबांनी आतूनच सांगितलं, "उतरवा, उतरवा!" आबा लगबगीनं निघून गेले.

माझं मन काही ग्वाही देईना. पावसाचा आकडा अवाढव्य होता आणि डोंगरावर तर लख्ख ऊन. मी बिनतारीवर वरच्या ठाण्याला पुन्हा विचारलं. फौजीनं तेच दोन आकडे, त्याच सुरात, पुन्हा दिले. माझं डोकं फिरलं. "आकडे राहू द्या हो! पाऊस किती पडला तेवढं सांगा."

"पाऊस न्हाईच पडला. जे न्हाईच, ते काय सांगायचं गड्या?"

मग माझ्या लक्षात आलं. आम्ही पावसाच्या जागी पातळी लिहून बसलो होतो, आणि पातळीच्या जागी सोडलेलं पाणी. ते पाणी पहाटेच सुटलं होतं.

साहेबांना न विचारता मी सायकल काढली. नदी गढूळ होऊन चढत होती. इंजिन उतरवायला आलेली बाकीची माणसं वर पळाली होती. आबा एकटेच मांडीभर पाण्यात इंजिनाला दोर बांधत होते.

"आवं आबा, वर या! पाणी सुटलंय!"

"सायेब तर उतरवा म्हणला."

"सायेब गेला खड्ड्यात! या आधी!"

"थांब रं, एवढी गाठ मारतो."

मी पाण्यात उतरलो आणि बखोटीला धरून त्यांना ओढत काठावर आणलं. इंजिन दिसेनासं झालं तरी मी त्यांच्यावर ओरडतच होतो. आबांनी माझा दंड घट्ट धरला होता, तो घर येईपर्यंत सोडला नाही.