हवेशी वैर धरलेले काका

माझ्यासारख्यानं कुणाबद्दल लिहायला बसावं, हे धाडसच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच; काही चुकलं तर मोठ्या मनानं सोडून द्या. पण शिवाजी पार्कच्या त्या काकांइतका हवेशी वैर धरलेला माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा नसेल, एवढं मी ठामपणे सांगू शकतो.

जुन्या घरांत वीज कशी वाचेल, या कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. बेल वाजवली, दार वीतभर उघडलं आणि आतून आवाज आला, "यायचं तर पटकन आत ये! उंबऱ्यावर उभं राहून गार हवा जिन्याला दान करू नकोस." काळाचौकीला आमच्या खोलीचं दार सकाळी उघडतं ते झोपतानाच लागतं, वारा कुठून येतो, हे आम्ही कधी शोधलं नव्हतं. काका मात्र पेटती उदबत्ती घेऊन भिंतीभिंतीनं फिरत. धूर कलला की तिथे फट. मग रबराची पट्टी, सुतार फटीत भरतात ती लांबी, नाही तर जुन्या गादीतला कापूस. प्रत्येक फटीला त्यांनी आपल्या जुन्या ऑफिसातलं एकेक पद दिलं होतं. "हे बघ, स्विचबोर्डामागे आमचे हेडक्लार्क. कितीही दार लावा, नाक खुपसणारच!" पलंगावरून काकू म्हणत, "मला बरणीतल्या लोणच्यासारखं ठेवलंय. वरून फडकं बांधायचं तेवढं राहिलंय."

मीही हसायचो, पण हा नुसता छंद नव्हता. आजारपणानंतर काकूंना उकाडा सोसत नव्हता. दोनदा चक्कर येऊन पडल्या होत्या. खिडक्या इतक्या जुन्या की एसी दिवसभर चालला तरी खोली गार होत नसे. परळच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या मुलानं बजावलं होतं, "बाबा, एप्रिल संपेपर्यंत ही खोली सव्वीस अंशांवर आली तर राहा इथेच. नाही तर तुम्हा दोघांना मी घेऊन जाणार." काकूंना हे घर सोडायचं नव्हतं. लग्न होऊन त्या याच खोलीत आल्या होत्या.

सगळ्या फटी बुजल्या तरी आकडा अठ्ठावीसच्या खाली येईना. शेवटी कारण सापडलं. रोज पाच वाजता पार्कात फेऱ्या मारायला निघालेल्या मैत्रिणी खालून हाक मारत आणि पहिल्या मजल्यावरून काकू खिडकी उघडून अर्धा तास गप्पा मारत. काकांनी मला ती खिडकी लांबी भरून कायमची बंद करायला सांगितली. मी अगदी मन लावून केली. तिसऱ्या दिवशी सव्वीस आलं. काकांनी मला पेढा दिला.

चौथ्या दिवशी पाच वाजता मी तिथेच होतो. मैत्रिणी खाली उभ्या होत्या. काकू काचेला नाक लावून हात हलवत होत्या. "ऐकू येत नाही गं," असं त्या काचेलाच सांगत होत्या. काकांनी ते बघितलं. मग स्वयंपाकघरातून सुरी आणून माझी लांबी खरवडायला लागले.

"काका, पण सव्वीस आलं होतं," मी चाचरत म्हणालो.

"आलं ना? बघितलं ना आपण? मग आता जरा हात लाव."

पुढे माझी परीक्षा आली आणि तिकडे जाणं राहिलं. परवा काकांच्या फोनवरून कळलं, ती दोघं परळला राहायला गेली. मुलगा आकडा बघायला आला तेव्हा काकू उघड्या खिडकीत गप्पा मारत होत्या आणि आकडा पुन्हा अठ्ठावीसवर होता. काकांनी त्यांना हटकलं नाही. तिकडे काकू दुपारी शांत झोपतात, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

"आणि तुम्ही, काका?"

ते म्हणाले, "इथे सगळं आधीच बंद आहे रे. दिवसभर मी करू काय, तूच सांग."