पांढरा कोणता?

बुरुलच्या घरी मेंढ्याला मेंढा म्हणायची सोय नव्हती. तिच्या सासऱ्यांचं नाव कोचकोरबाय, आणि कोचकोर म्हणजेच मेंढा. सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्याच्या जवळपास जाणारा शब्दसुद्धा नाही. लग्न झाल्यापासून बुरुल मेंढ्याला 'कळपाचा धनी' म्हणत आली. सासरे देवाघरी जाऊन आता वर्ष होत आलं, तरी जिभेचं वळण गेलं नव्हतं.

अडचण अशी, की तिच्या धंद्यात सगळा कारभार त्याच प्राण्याच्या शिंगांचा. शिर्दाकवर, म्हणजे लोकरीच्या गालिच्यावर, दुसरी नक्षी ती कुठली? लोकर दाबून केलेले नमदे, एक पांढरा आणि एक तपकिरी, एकावर एक ठेवायचे, साबणाच्या वडीनं शिंगं आखायची, बिस्मिल्ला म्हणून दोन्ही एकदम कापायचे. मग पांढऱ्याच्या भोकांत तपकिरी शिंगं बसवायची आणि तपकिरीच्या भोकांत पांढरी. एका कापात दोन शिर्दाक, जुळे भाऊच. कापणं सोपं, पण शिवण्यात अख्खा हिवाळा सरतो, आणि शिवणारी एकटी बुरुल.

या जुळ्यांतला एक बिश्केकच्या दुकानवाल्या मीरिमला द्यायचा होता. तिचा माल घेणारं तेवढं एकच दुकान, आणि मीरिम तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणत असली तरी तिनं बजावलं होतं, "एजे, या खेपेला उशीर झाला तर मी दुसरीकडून घेईन हं." दुसरा घरातच राहायचा होता. सासऱ्यांच्या वर्षाच्या जेवणाला, आशला, पाहुणे त्याच्यावर बसणार होते. पण मध्येच गाय अडली, जाऊ बाळंत झाली, एनेंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, डोळ्याचं ऑपरेशन निघालं. नवरा मेंढरं घेऊन डोंगरात. शेवटी एकच शिर्दाक पुरा झाला. मीरिमची गाडी सकाळी यायची होती, आणि आश दोन दिवसांवर आला होता.

पुरा झालेला कुणाचा, हे मात्र बुरुलला आठवेना. मीरिम म्हणाली होती, "पांढरा द्या." एनेही म्हणाल्या होत्या, "मला पांढरा हवा." बुरुलनं दोघींना हो म्हटलं होतं. आता शिर्दाक जमिनीवर पसरून ती बघत बसली. तपकिरीवर पांढरी शिंगं दिसत होती. थोड्या वेळानं पाहिलं, तर पांढऱ्यावर तपकिरी! नक्षी कुठली आणि तिच्यामागची जमीन कुठली, तिचं डोकंच चालेना.

"एने, पांढरा म्हणजे कोणता हो?"

"पांढरा म्हणजे पांढरा. डोळे माझे गेलेत की तुझे?"

"तसं नाही. जमीन पांढरी, की शिंगं?"

"कुणाची शिंगं?"

"ती हो... धन्याची."

"माझ्या धन्याला शिंगं? जिभेला काही हाड आहे का तुझ्या?"

"अहो, तुमच्या नाही, कळपाच्या धन्याची!"

एने तोंडावर ओढणी धरून हसल्या. मग म्हणाल्या, "माझं काही लक्षात नाही बाई. त्या दुकानवालीलाच विचार."

बुरुलनं फोन लावला. आवाज तुटत होता.

"मीरिम, तुला शिंगं पांढरी हवीत ना? कळपाच्या धन्याची?"

"कुणाचे धनी? एजे, घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे गं! तो नाही का, लोकरवाल्या बायकांचा नवरा..."

"लोकरवाल्या बायका? कोण आल्यात?"

एनेंचा धीर सुटला. त्यांनी फोन ओढून घेतला आणि शिर्दाकवर बसकण मारून ओरडल्या, "अगं पोरी, कोचकोर! कोचकोरची शिंगं! पांढरं काय हवं, शिंगं की जमीन?"

जन्मभरात त्यांनीही नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. फोन धरलेला हात मांडीवर पडला. त्यातून मीरिमचा बारीक आवाज येत होता, "मला काय, दोन्ही सारखेच! जो तयार असेल तो द्या. गाडी सकाळी येतेय, एजे..." मग आवाज तुटला.

बुरुलला हायसं वाटलं. ती शिर्दाक गुंडाळायला वाकली, तर एने हलेनात.

"उठता ना, एने?"

"हा द्यायचा नाही."

"अहो, पण तिची गाडी सकाळी..."

"ह्याच्यावर बसून त्यांचं नाव निघालं माझ्या तोंडून. हा आता त्यांचा झाला. पाहुणे ह्याच्यावर बसतील." एनेंनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले, ओठांत काही पुटपुटल्या.

"मग आता मीही घेऊ का नाव?" बुरुलनं भीत भीत विचारलं.

"तू? तू कशाला घेतेस? सून आहेस ना अजून?"

बुरुलनं हातातली शिर्दाकची कड सोडली. दुकान हातचं जाणार, हे तिला कळत होतं. आणि हाताला धरून सासूला उठवणं होणार नाही, हेही. तिनं फोन उचलला, खाली ठेवला, परत उचलला. शिर्दाक का देता येत नाही, हे मीरिमला सांगायला हवं होतं, आणि ज्यांच्यामुळे देता येत नव्हता, त्यांचं नाव तिला घेता येत नव्हतं.