वाफ्यातला तेरडा

नदीकाठच्या रस्त्याने सायकलवरून येताना आज तो वास आला आणि मी उतरलेच. गोड, जरा जास्तच गोड, घशाशी बसणारा. काठाने गुलाबी फुलांची नुसती झुंबड उडाली होती. जर्मनीतल्या या एर्लांगेनमध्ये ऑगस्ट संपत आला की हे व्हायचंच, आणि दर वर्षी माझ्या जिवाची घालमेलही व्हायचीच. दोन मिनिटं उभी राहिले, मग घरी न जाता उगाच पुलापर्यंत जाऊन परत आले.

हा इथला तेरडा. आपल्या तेरड्याचा थोराड भाऊ, खांद्याला लागेल एवढा उंच. तेव्हा या शहरातलं माझं पहिलंच वर्ष होतं, नवरा दिवसभर कंपनीत आणि मी चार भिंतींत. गौरींच्या आदल्या दिवशी हा दिसला आणि मला रस्त्यातच रडू फुटलं. आमच्याकडे गौरी तेरड्याच्या. मुळासकट रोपं आणायची, साडी नेसवायची, तिसऱ्या दिवशी विसर्जन. गौरी थाटात बसल्या. पण इथल्या नदीत काही सोडायचं म्हणजे कोण काय म्हणेल, ही धास्ती. म्हणून मी ती रोपं भक्तिभावाने नेऊन ठेवली घरामागच्या फुलांच्या वाफ्यात. बोंडं टचाटच फुटली, बिया उडाल्या. मला काय त्याचं!

वाफा खालच्या मजल्यावरच्या आजींचा. आजी मी मनात म्हणायचे. तोंडाने फ्राउ, म्हणजे श्रीमती, आणि आडनाव. सगळ्या इमारतीत माझ्याशी थांबून बोलणारं तेवढं एकच माणूस. त्यांच्या वाफ्यात कुठलंच फूल एकटं नसायचं. ट्युलिपची पानं पिवळी पडू लागली की जिरेनियम पसरून ती झाकायचं, लव्हेंडरच्या मागे फ्लॉक्स उभा असायचा, फ्लॉक्स दमला की अ‍ॅस्टर. कुणी कुणाच्या डोक्यावर चढायचं नाही आणि माती उघडी पडू द्यायची नाही, एवढंच त्यांचं शास्त्र. पांढरा फ्लॉक्स त्यांच्या आईच्या बागेतला. त्याची वाळकी पानं त्या कात्रीने नाही, बोटांनी खुडत.

पुढच्या वसंतात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने त्या लेकीकडे गेल्या. वाफा माझ्यावर सोपवला, बागेच्या खोपटाची किल्लीही दिली. "पाणी घाला, नजर ठेवा, बाकी तो आपलं आपण बघतो," म्हणाल्या. एप्रिलमध्ये तेरड्याची शेकडो रोपं वर आली. मी हरखले. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दाखवली. "अगं बाई! दारचा तेरडा! यंदा गौरी घरच्याच आण हो," त्या म्हणाल्या, आणि परक्या मुलखात पहिल्यांदा स्वतःची काही कमाई असल्यासारखं मला वाटलं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. म्हणणाऱ्याने हा तेरडा पाहिलेला नव्हता. जूनमध्ये तो माझ्या कमरेच्या वर गेला.

आणि जूनमध्येच मला दिसलं. फ्लॉक्सची पानं पिवळी पडत होती, लव्हेंडर उजेडासाठी वाकडं झालं होतं. थोडा तेरडा उपटला असता तरी भागलं असतं. रोज संध्याकाळी मी वाफ्याशी जायचे, हात पुढे करायचे, आणि गौरी होईपर्यंत राहू दे म्हणून पाणी घालून परत यायचे.

जुलैत आजी काठी टेकत आल्या. काठीने तेरडा बाजूला सारून फ्लॉक्स पाहिला. मग म्हणाल्या, "हे रान आम्ही नदीकाठी दर उन्हाळ्यात उपटतो. शाळेतली मुलं, आम्ही म्हातारे, सगळे. हे दुसऱ्याला जगू देत नाही."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. ते खरं होतं.

"हो, हो, तुम्हाला कसं माहीत असणार? पण फ्लॉक्स मरतोय, ते दिसलं नाही?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांना वाकता येत नव्हतं. मी उपटत गेले आणि त्या काठीने दाखवत राहिल्या, "हं, तिथे एक. तिकडे आणखी एक." ज्यांना साडी नेसवायची होती त्यांचा ढीग झाला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर कदाचित खरं बोलून टाकलं असतं मी. कॉफीला बोलावणंही थांबलं नाही. फक्त बागेच्या खोपटाची किल्ली त्यांनी त्या दिवशी मागून घेतली, अगदी सहज. हिवाळ्यात त्या कायमच्या लेकीकडे गेल्या आणि दोन वर्षांनी तिथेच वारल्या.

वाफा आता मीच बघते. गौरी खड्यांच्या बसवते. सासूबाईंना इथे तेरडा मिळत नाही असं सांगून टाकलं, म्हणजे तिथेही खोटंच. तिसऱ्या उन्हाळ्यात फ्लॉक्सने पुन्हा डोकं वर काढलं, मुळाशी काही तग धरून असावं. आता तो पूर्वीपेक्षा दाट फुलतो. येणारेजाणारे थांबून म्हणतात, तुमच्या हाताला गुण आहे. मी हसते आणि कात्री घेऊन उगाच इकडचं तिकडचं छाटत राहते. दिसलं होतं मला, रोज दिसत होतं, हे जिला सांगायचं ती बाई आता राहिली नाही. आणि फ्लॉक्स इतका भरून फुलला आहे की आता दुसरं कुणी विचारणारही नाही.