हवालदारांच्या वहीतले ङ्गुयेन

आमच्या स्टाफरूममध्ये फणसाच्या फळ्यांचं एक कपाट आहे. त्यात मुद्दाम कुणी काही ठेवत नाही, तरी दर जूनमध्ये उघडलं की ते भरलेलं असतं! कुणाची मोडकी छत्री, एका पायाची चप्पल, आशिया खंडाचा अर्धा नकाशा. किश्शांचंही तसंच. मी बी.ए. होऊन या हायस्कुलात आले ती मुलं घडवायला. चार वर्षांत मुलं किती घडली ते निकाल सांगतील. किस्से मात्र कपाटात मावेनासे झालेत, आणि त्यातले निम्मे एकाच माणसाचे.

ते आमचे क्लार्क परब हवालदार. लष्करातून निवृत्त होऊन मसुऱ्याजवळच्या आपल्या गावी आले आणि शाळेचं रजिस्टर त्यांनी बंदुकीसारखं ताब्यात घेतलं. "रजिस्टरात नाय, तां घडलांच नाय," हे त्यांचं ब्रीद. खोटी नोंद त्यांनी जन्मात केली नाही. एकदा साक्षात हेडसर दहा मिनिटं उशिरा आले, तर हवालदारांनी वेळेच्या रकान्यात ती दहा मिनिटं जशीच्या तशी लिहिली. वर सही घेतली!

तर, व्हिएतनामात फ्रेंचांशी चाललेली लढाई थांबली तेव्हा देखरेखीला आपल्याकडची माणसं गेली होती. त्यात हवालदार होते. तिथून त्यांनी एक वही आणली आहे. तिच्यात नुसती नावं. मी वर्तमानपत्रातून तिथल्या आताच्या, अमेरिकेशी चाललेल्या लढाईबद्दल वाचते, पेटून उठते, वर्गात भाषणं देते. आणि आमच्या स्टाफरूममध्ये हा माणूस तिथल्या माणसांना नावानिशी ओळखतो!

*

तिथे गेल्यावर हवालदारांना पहिलं काम मिळालं ते एका नाक्यावर, इकडून तिकडे जाणाऱ्या माणसांची यादी करण्याचं. संध्याकाळी पंजाबी मेजरने यादी पाहिली आणि भडकला.

"परब, हा ङ्गुयेन नावाचा एकच माणूस दिवसात चाळीस वेळा गेला?"

"साहेब, माणूस एक नाही. आडनाव एक आहे."

"चाळीस जणांचं?"

"साहेब, आमच्या वाडीत या. साठ घरं आहेत, साठही परब. पोस्टमन रडतो!"

मेजरने म्हणे टोपी काढून टेबलावर ठेवली आणि पुढची यादी कधी तपासलीच नाही.

ते आडनाव उच्चारायचं कसं, हे मात्र आम्हांला जमेना. हवालदारांनी फळ्यावर एक अक्षर काढलं. "बाई, आपल्या मुळाक्षरांतलो ह्यो ङ. जन्मभर नुसतो बसान खाता. थंय त्येका नोकरी लागली!"

*

तिकडे आडनाव पहिलं आणि स्वतःचं नाव शेवटी, पण हाक मारायची ती शेवटच्या नावानेच. हे ऐकून मला स्फुरण चढलं. आडनावात जात असते, गाव असतं, मानपान असतो. काढून टाका! दुसऱ्या दिवसापासून आठवीची हजेरी मी नुसत्या नावांनी घेऊ लागले.

आठवीत सात सुरेश निघाले.

पहिल्या दिवशी "सुरेश" म्हटल्यावर सात "हजर" आले. दुसऱ्या दिवशी पाच. हेडसरांनी विचारलं, "बाई, गैरहजर सुरेश कोणते?"

मी म्हटलं, "समाज बदलताना थोडी गैरसोय होणारच, सर."

"समाज बदला हो. पण त्यातल्या एकाचा बाप व्हरांड्यात उभा आहे, आणि तो विचारतोय, माझो झील खंय?"

हवालदारांनी रजिस्टर माझ्या हातातून काढून घेतलं, आडनावं परत घातली आणि समजूत काढत म्हणाले, "बाई, वायट वाटून घेव नकात. थंय एका वर्गात चार बिन्ह होते. मास्तर लांब बिन्ह, जाडो बिन्ह, शेंबडो बिन्ह अशी हाक मारी. त्यापरीस परब बरो मां?"

*

बिन्ह म्हणजे शांती. हवालदारांच्या दुभाष्याचं नाव तेच. हा शांती दिवसभर भांडायचा! सायकलवाल्याशी, भाजीवालीशी, मेजरशी. ते सगळे राहायचे त्या बंगल्यात स्वयंपाकाला एक बाई होती, लान. लान म्हणजे रानात झाडावर फुलणारं नाजूक फूल. हे फूल तांदळाचं पोतं एका हाताने उचलायचं. आणि हुंग म्हणजे शूरवीर. हुंग ड्रायव्हर होता. भिंतीवर पाल दिसली की गाडीत जाऊन बसायचा.

आमचे ड्रॉइंगचे पिंटो सर हे ऐकून खूश झाले. "आमच्यात पण तसांच! माझ्या काकाचा नाव आंज. म्हणजे देवदूत. काकीक इचारा!"

एकदा त्या शांतीने हवालदारांना विचारलं, तुझ्या नावाचा अर्थ काय? हवालदारांचं नाव धोंडू. आता परमुलखात, पाचपन्नास माणसांत, 'माझं नाव दगड' म्हणून सांगायचं कसं? पण खोटं बोलायची सवय नाही. सांगितलं.

कुणी हसलं नाही. शांतीने सिगारेट विझवली आणि विचारलं, "तुझ्याआधी किती गेले?"

हे सांगताना हवालदारांनी तीन बोटं वर केली. मग म्हणाले, "तीन. तीन गेले, चवथो मी. म्हणान आवशीन धोंडू नाव ठेवल्यान, कोणाची नजर पडा नये म्हणान. गावात माका ह्यां कोणी कधी इचारूक नाय. सगळ्यांका ठावकच. पण दर्यापलीकडच्या माणसाक कसां कळलां? तर त्येचा घरातला नाव होता तेओ. म्हणजे सुकान गेल्लो. त्येच्या आदी दोन गेल्ले."

मग पिंटो सर म्हणाले, "म्हणजे धोंडू आणि सुकटो! बरी जोडी जमली." आणि आम्ही सगळे हसलो. हवालदारही.

मी मात्र घरी जाताना रस्ताभर चरफडत होते. दोन देश, मध्ये अख्खा समुद्र, आणि भीती तीच! मला तेव्हा सातवा महिना होता. मी त्याच दिवशी ठरवलं, माझं मूल असल्या भीतीच्या सावलीत एक दिवसही वाढणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी तसं स्टाफरूममध्ये सगळ्यांना बजावलंसुद्धा.

*

घरी वेगळीच लढाई चालू होती. माझे सासरे मी येण्याआधीच गेले. त्यांचं नाव सोमा. सासूबाई ते नाव उच्चारत नाहीत, त्यामुळे आमच्या घरात सोमवार नाही. 'आयताराच्या दुसऱ्या दिवशी' आहे. मी नवऱ्याला सरळ "वसंत" म्हणून हाक मारते, तेव्हा त्या देवाच्या तसबिरीकडे बघतात.

अशा सासूबाईंचा हट्ट, मुलगा झाला तर आजोबांचंच नाव ठेवायचं. सोमा!

मी म्हटलं, "अहो आई, पण तुम्ही त्याला हाक कशी मारणार? तुम्ही तर ते नाव घेत नाही!"

"म्हणान तर तुका सांगतंय," त्या म्हणाल्या. "तू मारशीत मां हाक! माझ्या कानार तरी पडांदे."

मी उठून चहा ठेवला. वाद अर्धा टाकून मी सहसा उठत नाही.

हे मी हवालदारांना सांगितलं, तर त्यांची वही उघडलीच. तिथे उलट! वडीलधाऱ्याचं नाव मुलाला ठेवणं म्हणजे अपमान. नातवाला शिवी दिली की ती आजोबांना लागते. पण नाव न घेण्याची रीत मात्र तीच. बाजारात एक म्हातारी संत्री विकायची. तिच्या सासऱ्यांचं नाव काम, आणि संत्र्यालाही तिकडे कामच म्हणतात! "जन्मभर संत्री विकल्यान, पण तोंडान नाव काढल्यान नाय. नुसतां फळ वर धरी आणि गिऱ्हायकाकडे बघी."

सासूबाईंना मी हे खोचकपणेच सांगितलं. त्यांना खोच लागलीच नाही. म्हणाल्या, "बरी माणसां दिसतत. आणि तू म्हणतंस, थंय लढाई चललीहा?"

मग माझ्यासमोर तांदूळ निवडत बसल्या, आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "ती म्हातारी आसा मां गो अजून?"

*

माझा स्वतःचा विचार पक्का होता. मुलगा असो वा मुलगी, नाव बिन्ह. एका लढणाऱ्या देशाला मालवणच्या किनाऱ्यावरून दिलेला सलाम! हेडसर म्हणाले, "बाई, बाळाचं नाव हा स्टाफ मीटिंगचा विषय नाही," आणि मग खुर्ची ओढून दोन तास बसले. पिंटो सरांचा आग्रह, जगातली सगळी नावं सोडून जुझे ठेवा. हवालदारांनी मत दिलं नाही. ते वही चाळत होते.

"बाई, दक्षिणेकडे गेलंय तेव्हाचो एक किस्सो सांगूक रवलो."

दक्षिणेत एका वस्तीत घरोघर जाऊन त्यांना माणसं मोजायची होती. एका घरातल्या आईने मुलांची नावं सांगितली. घरात हाक मारायची नावं. हाय, बा, तू. म्हणजे दोन, तीन, चार. हवालदारांनी लिहिलं आणि विचारलं, "एक कुठे आहे?" ती म्हणाली, एक नाही. हवालदारांना वाटलं मूल लपवलं. त्यांनी पलंगाखाली पाहिलं, रांजणात पाहिलं, परड्यात पाहिलं. एक सापडेना! आणि एक नसताना दोनची नोंद करायची कशी? सही करणार नाही म्हणून अडून बसले. शेवटी त्या आईने कपाळावर हात मारला आणि दोनच्या डोक्यावर बोट ठेवलं.

"तोच पयलो! पण पयल्यार सगळ्यांचो डोळो. माणसांचो, भुतांचो. म्हणान पयल्याकच दोन म्हणतत. वायट नजर येता, पयल्याक सोदता, गावना नाय, आणि परत जाता. जशी माझी गत झाली!"

सगळे हसले. मी हसले नाही. मी उभी राहिले आणि बोलले. काय बोलले ते पुरतं आठवत नाही, पण 'विज्ञान' हा शब्द पाच-सहा वेळा आला. इतक्या मोठ्या सत्तेशी झुंजणारी माणसं आणि एका नजरेला घाबरतात! लपवायचं काय? माझं मूल पहिलं आहे आणि पहिलंच म्हणवलं जाईल, मी ते किल्ल्याच्या तटावर उभी राहून ओरडून सांगेन!

"सांगा," पिंटो सर म्हणाले, "पण आदी बसा. आणि पाणी पिया."

हवालदारांनी वही मिटली. "बाई बरोबर बोलतत," ते म्हणाले. "रजिस्टरात पयलो तो पयलोच."

*

मुलगा झाला. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात, महिनाभर आधी. इतका लहान की सुईणीने त्याला दाखवताना 'मुलगा' म्हणायला वेळ लावला. पहिले पंधरा दिवस दूध पोटात ठरेना. वसंत पायी जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी औषध दिलं, आणि जाताना 'बघू या' एवढंच म्हणाले. सासूबाई त्याला छातीशी धरून दिवस दिवस बसायच्या. मी मापाचा चमचा धरून घड्याळाकडे बघायची. त्या दिवसांत घरात नावाचा वाद कुणीच काढला नाही.

मग एका सकाळी तो खणखणीत रडला. सासूबाई म्हणाल्या, "आयकलंस? बापाशीचो आवाज!"

बारशाला नाव ठेवलं प्रशांत. अर्थ बिन्हचाच, शिवाय पोस्टमनला वाचता येईल असा. कानात नाव सांगताना आत्या जरा जास्तच वेळ वाकली होती, आणि सासूबाई फार समाधानी दिसत होत्या. तिने कानात आणखी काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

*

दिवाळीनंतर शाळेत देवी टोचायला तालुक्याहून माणूस आला. आया पोरं घेऊन व्हरांड्यात रांगेत. टेबलाशी तो देवी टोचणारा, आणि मदतीला रजिस्टर घेऊन परब हवालदार. हेडसर आणि पिंटो सर बाजूला उभे. मी प्रशांतला घेऊन पुढे झाले. मागे सासूबाई.

त्या महिन्यात त्याचे गाल नुकते भरायला लागले होते. रांगेतल्या एकीने वाकून बघितलं. "बाय गो, गोरो आसा! गुटगुटीत झालो!"

मी पदर त्याच्या तोंडावर ओढला. ऊन होतं म्हणून.

"नाव?" त्या माणसाने विचारलं.

"प्रशांत वसंत," मी म्हटलं.

"आईचं कितवं मूल?"

हा रकानाही होता त्या रजिस्टरात. हवालदारांनी टाक दौतीत बुडवला. 'पहिले' लिहायला तो कागदावर टेकलासुद्धा. अख्खी स्टाफरूम बघत होती. मागे सासूबाईंचा श्वास मला ऐकू येत होता. पदराखाली प्रशांतने माझं बोट धरलं होतं.

"दुसरं," मी म्हटलं.

पिंटो सरांनी तोंड उघडलं. हेडसरांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात, रकान्यात लिहिलं : दुसरे.

"आणि पहिल्याला?" त्या माणसाने सुई उचलत विचारलं. "टोचलंय का?"

"टोचलेलां आसा सायब," परब हवालदार म्हणाले. "मी स्वता उबो होतंय. पुढचो!"