रुपलीची शिकलेली जादू

खरं सांगा, 'जादू' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बाप्या येतो की बाई? काळा कोट घालून टोपीतून कबुतर काढणारा असेल तर तो बाप्या. त्याला आपण तिकीट काढून बघायला जातो. आणि बाई आली असेल तर? मोठ्याने सांगू नका. बावीस वर्षं मी बुवाबाजीच्या विरोधात गावोगाव फिरतोय, तुमचं उत्तर मला अंदाजाने कळतं.

ही गोष्ट रुपली पावराची आहे. तिला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिहा भाऊ, फक्त गावाचं नाव नको." म्हणून एवढंच सांगतो, शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला तिचा पाडा.

रुपली पंचवीस वर्षांची. जळगावात एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. हात इतका हलका की लेकरं रडायची विसरतात. पिंप्राळ्याला भाड्याच्या खोलीत आई आणि ती राहतात. वडील, खाज्या, तिकडे पाड्यावर शेती बघतात आणि महिन्यातून दोनदा एस.टी.ने येऊन जातात. आमच्या विहाराच्या वरच्या मजल्यावर मी अभ्यासिका चालवतो. मी स्वतः नववीत शाळा सोडलेला माणूस, जे शिकलो ते रद्दीच्या पुस्तकांतून आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर. म्हणून त्या खोलीचा मला फार अभिमान. रुपली तिथे लॅबच्या परीक्षेचा अभ्यास करायला यायची. मग रविवार दुपारी खेळायलाही यायला लागली.

खेळ आणला प्रशीलने. प्रशील असोद्याचा, नरडाण्याच्या एमआयडीसीत नोकरीला, शनिवारी रेल्वेने घरी येतो. पुण्याला इंजिनिअरिंग शिकताना त्याला या खेळाचा नाद लागला. कागद, पेन्सिल आणि नाना बाजूंचे फासे, बस. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात. तुम्ही म्हणायचं, 'मी या दरीवरून उडी मारते,' आणि फासा टाकायचा. पलीकडे पोचलात की खाली पडलात, ते फासा ठरवतो. प्रशील गोष्ट सांगायचा. वकिलीचं शिकणारी साक्षी, मोबाइल दुरुस्त करणारा लखन आणि रुपली खेळायचे. मी खाली बसून वर्तमानपत्र वाचायचो. पोरं हसतायत ना, मग हसू दे.

त्या रविवारी नवी गोष्ट सुरू होणार होती, म्हणून सगळे नवी पात्रं बनवत होते. मी पाण्याचा जार भरला की नाही बघायला वर चढलो आणि जिन्यातच प्रशीलचा आवाज कानावर आला.

"जन्मजात जादू म्हणजे ती रक्तातच असते. शिकावी लागत नाही. आईकडून मुलीकडे येते..."

मी मूळचा धुळ्याचा. राग आला की माझ्या तोंडून अहिराणी निघते. "हाई काय चालू शे रे? बठ्ठं बंद करा!"

चौघं दचकली. रुपलीपुढच्या कागदावर तलवार काढलेली, आणि तिच्या बाजूला लिहिलेलं: योद्धी, जादूगारीण.

"भाऊ, खेळ आहे तो," प्रशील म्हणाला.

"खेळ? मी गावोगाव घसा कोरडा करतो की असलं काही नसतं, आणि माझ्याच खोलीत रक्तातली जादू शिकवता? हा इंजिनिअर झाला तो झाला. पण रुपली, तू पाड्यावरून आलेली. तुला तरी कळायला पाहिजे होतं!"

हे वाक्य मी बोललो. परत घेता आलं असतं तर घेतलं असतं.

रुपलीने कागदाची घडी घातली, पेन्सिल पिशवीत टाकली. उठताना शांतपणे म्हणाली, "मला कळतं, भाऊ. या खोलीत सगळ्यात जास्त मलाच कळतं." आणि जिना उतरून गेली.

मग साक्षी माझ्यावर घसरली. "पूर्ण ऐकायचं तरी होतं! ती नाहीच म्हणत होती त्याला."

प्रशीलने समजावलं. या खेळात प्रत्येक पात्राला सहा आकडे असतात: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, समज आणि छाप. फासे टाकून आकडे मिळवायचे आणि हवे तिथे भरायचे. एक विद्या घेणारे पुष्कळ. तलवार आणि जादू अशा दोन विद्या घ्यायच्या तर दोन्हीकडचे आकडे पुरेसे लागतात. रुपलीला एक सोळा मिळाला, दोन तेरा, बाकी किरकोळ. प्रशीलचा सल्ला होता: सोळा टाक छापेवर आणि जन्मजात जादू घे, एकाच आकड्यावर दोन्ही कामं निघतील. रुपली ऐकेना. तिला पुस्तकातून, गुरूकडे बसून शिकलेली जादू पाहिजे होती.

"मी सांगत होतो की त्यात तुझे आकडे फाटतील," प्रशील म्हणाला. "बळ वेगळं, बुद्धी वेगळी. पहिले कित्येक महिने ना धड तलवार ना धड मंत्र. ती म्हणाली, चालेल. पण जन्मजात नको. तेवढं एक नको. का ते नाही सांगितलं."

जन्मजात. आमच्या बापजाद्यांना या शब्दाने गावाबाहेर बसवलं, आणि तोच शब्द नाकारणाऱ्या पोरीवर मी ओरडलो होतो.

सोमवारी सकाळी मी तिच्या लॅबमध्ये गेलो. रांगेत बसलो. नंबर आल्यावर खुर्चीत बसलो. तिने वर बघितलंच नाही.

"नाव?"

"यादव."

"उपाशीपोटी आलात?"

"कालपासून."

"मग साखर तपासून देते. रागाची तपासणी आमच्याकडे होत नाही."

दंडाला रबर बांधलं, खरंच रक्त काढलं. सुई टोचली तेव्हा मी म्हणालो, "रुपली, चुकलो." ती म्हणाली, "हात हलवू नका." मग कापूस दाबताना म्हणाली, "एक वाजता जेवणाची सुट्टी असते. मागच्या बाकावर बसा."

बाकावर डबा उघडून, भाकरी मोडत मोडत, तिने सांगितलं. सलग नाही. मधे मधे थांबून.

ती अकरा वर्षांची असताना पावसाळ्यात पाड्यावरची दोन लेकरं तापाने गेली. "हिवताप असेल. आता कळतं. तेव्हा कोणी रक्त तपासलंच नाही."

"म्हणून तू या लाइनीत आलीस?"

"नाही हो. बारावीला मार्क कमी पडले." ती हसली, आणि मलाही जरा श्वास घेता आला.

कोणीतरी बाहेरून बुवा आणला. त्याने ज्वारीचे दाणे टाकले आणि तिच्या आईचं, ताईबाईचं नाव काढलं. डाकीण. "आणि तो म्हणाला, हे आईकडून मुलीकडे जातं. दुधातून. मी तिथंच उभी होते. तोपर्यंत सगळे आईकडे बघत होते. मग माझ्याकडे बघायला लागले."

खाज्या दोन दिवस दारात उभा राहिला. हातात कुऱ्हाड. कोणावर उगारली नाही, नुसता उभा. पाड्यावरचे दोघे चुलतेही शेजारी येऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्याने मायलेकींना जीपमध्ये बसवून दिलं. पुढे कायदा झाला. त्यांना परत न्यायला कायदा काही तिथवर चढला नाही. ताईबाई चौदा वर्षांत पाड्यावर गेली नाही.

"त्या दोन दिवसांत मी कोपऱ्यात बसून काय मागत होते, सांगू?" रुपली म्हणाली. "आईला खरंच येऊ दे. हे म्हणतात तेवढं सगळं येऊ दे, एकदाच. पण तिला काहीच येत नव्हतं, भाऊ. साधी बाई. चुलीत फुंकर घालत बसलेली."

तिने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

"म्हणून तलवार आणि जादू दोन्ही पाहिजे. तलवार बाची. आणि जादू अशी, की कोणी विचारलं तर सांगता यावं: इथे शिकले, हे पुस्तक, हे गुरुजी. मग दुधातून आली म्हणून कोण म्हणेल?"

"रविवारी ये," मी म्हणालो. "तुला पाहिजे तसं पात्र बनव."

"नाही येत." तिने डबा बंद केला. "आईला माहीत नाही मी काय खेळते. आमच्या घरात 'जादू' हा शब्दच नाही. तिच्यापासून लपवून तिचीच गोष्ट खेळायची म्हणजे मला चोरी केल्यासारखं वाटतं. आणि सांगायची हिंमत नाही. तुम्ही एवढी भाषणं देता ना? मग या घरी आणि सांगा."

गुरुवारी संध्याकाळी गेलो. ताईबाई डाळमिलमधून नुकतीच आली होती, केसांवर डाळीची पिवळी भुकटी. पाऊल न वाजवता चालणारी बारीक बाई. मला चटई टाकली आणि स्वतः भिंतीला टेकून लांब बसली. मी घसा साफ केला. दोनशे माणसांपुढे न अडखळणारा मी. 'अक्का, ते रुपलीचं...' एवढ्यावर अडकलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकलो.

शेवटी रुपलीनेच कागद काढून आईपुढे पसरला. त्यांच्या बोलीत दोघी बोलल्या. काही मला समजलं, काही रुपलीने नंतर मराठीत सांगितलं.

ताईबाईने चित्रावर बोट ठेवलं. "ही कोण?"

"खेळातली बाई. ती तलवार चालवते. आणि..." रुपली थांबली. "आणि जादू करते."

ताईबाईचं बोट कागदावरून हललं नाही.

"तिला मारायला येतात?"

"येतात."

"मग?"

"मग तिच्या हातात तलवार असते ना."

"आणि ते दुसरं? ते कुठून आलं तिच्यात?"

"शिकली, आई. शाळेसारखं. सात वर्षं गुरूकडे बसून. पुस्तक आहे तिच्याकडे."

"पुस्तक दाखवता येतं?"

"येतं. कोणालाही."

ताईबाईने मान हलवली. मग तिची नजर दुसऱ्या हाताकडे गेली. तिथे रुपलीने ढाल काढून खोडली होती. "हे का पुसलं?"

"मंत्र म्हणायला एक हात मोकळा लागतो. तलवार आणि ढाल दोन्ही धरली तर जादू होत नाही. नियम आहे."

"मग ढाल दुसऱ्या कोणाला तरी धरायला सांग," ताईबाई म्हणाली. "एकटी बाई किती धरणार?"

रुपलीने माझ्याकडे बघितलं. मी लगेच दुसरीकडे बघितलं, पण उशीर झाला होता.

"नाव काय हिचं?"

"ठेवलं नाही अजून."

ताईबाई बराच वेळ कागद बघत राहिली. अंगठा तलवारीच्या रेषेवरून वर नेला, खाली आणला. रुपली ओठ चावत बसलेली. तिला वाटलं, आई आता कागद फाडणार. मलाही तेच वाटलं.

"माझंच ठेव," ताईबाई म्हणाली. "ताई. माझं नाव त्या लोकांनी फार वापरलं. आता तू वापर."

रुपलीने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. मी उठून खिडकीशी गेलो आणि बाहेर उभी असलेली माझी मोटारसायकल फार बारकाईने बघितली.

परत बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मला येऊन तास झाला होता, आणि खानदेशातल्या कुठल्याही घरात दहा मिनिटांत पुढे येतो तो चहा तर राहू द्या, पाण्याचा पेलाही आला नव्हता. रुपली हळूच म्हणाली, "राग मानू नका, भाऊ. ती कोणालाच विचारत नाही. तिकडे तिच्या हातचं पाणी लोक जमिनीवर ओतायचे. इथे कोणाला काही माहीत नाही, तरी ती विचारत नाही."

"अक्का," मी म्हणालो, "चहा मिळेल का?"

ताईबाईने रुपलीकडे बघितलं. बरोबर ऐकलं ना, अशी खात्री केली. मग उठली. साखर इतकी घातली की चमचा उभा राहावा. मी पीत होतो आणि ती बघत होती, प्रत्येक घोटाला. कप रिकामा केला आणि पुढे केला. "अजून अर्धा." तेव्हा ती पहिल्यांदा हसली. हसताना अगदी रुपलीसारखी दिसते.

रविवारी रुपली आली. ताई नावाची बाई गोष्टीत शिरली. बळ तेरा, बुद्धी सोळा, सोबत पुस्तक. प्रशीलने भाकीत केलं होतं तशीच पहिल्या लढाईत ना धड तलवार चालली ना मंत्र. लखन खो खो हसला. मीही एक पात्र घेतलंय, ज्याला एकही विद्या येत नाही. तो ढाल धरून तिच्या डाव्या बाजूला उभा राहतो. "नुसते उभे राहता, कंटाळत नाही का, भाऊ?" साक्षी चिडवते. नाही कंटाळत.

ताईबाई अजून पाड्यावर गेलेली नाही. जाईल की नाही, तिचं ती ठरवेल. मी तिला घाई करत नाही, आणि घाई न करणं हे माझ्या स्वभावात बसत नाही हे ओळखीचे लोक सांगतील.

तुमच्याकडे एकच मागतो. तुमच्या गावात, पाड्यावर, कॉलनीत अशी एखादी बाई असेल, जिच्याबद्दल लोक आवाज खाली करून बोलतात, तर उद्या दिवसाउजेडी तिच्या दारात जा. भाषण देऊ नका, कीव करू नका. चटईवर बसा आणि तिच्याकडे चहा मागा. आणि तिच्यासमोर, सगळ्यांना दिसेल असा, तो पूर्ण प्या.